पिंपामागची थैली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्यांच्याबरोबर रोज चहा घेतो त्या बाजारातल्या माणसांना तर नाहीच. उलट याच प्रसंगाची दुसरी, खोटी गोष्ट मी सगळ्यांना सांगितली आहे. इतक्या वेळा, इतकी रंगवून, की महाडच्या बाजारात अर्ध्या लोकांना ती पाठ आहे. खरी तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. लिहायला बसल्यावर तसं काही दिसत नाही.

आधी मी कोण ते सांगतो. नाही, हे टाळणं नाही — किंवा असेलही.

महाडला माझं ताडपत्रीचं दुकान आहे. ताडपत्री, प्लास्टिक कागद, दोर, सुतळी. मूळ गाव कापडे, पोलादपूर तालुक्यातलं. पोलादपूरच्या स्टँडबाहेर जमिनीवर कागद अंथरून मी धंदा सुरू केला, तेव्हा डोक्यावर कुणाचा हात नव्हता. जे झालं ते तोंडाच्या जोरावर. समोरच्याच्या डोळ्यांकडे बघून त्याचा शेवटचा भाव मला कळतो. बोलणी अडली की मी पाठ फिरवून चालू लागतो, आणि चार पावलांत तो हाक मारतो. मारतोच. आणि राग — राग माझ्याआधी दुकान उघडतो असं बायको म्हणते.

माझा धाकटा भाऊ विलास पोलादपूरला शाळेत शिक्षक आहे. त्याला मी शिकवला. हे मी बोलून दाखवू नये, पण दाखवतो, संधी मिळेल तेव्हा दाखवतो. सात वर्षांपूर्वी हा विलास, त्याची बायको मंजिरी, आमची बहीण आणि तिचे यजमान, असे सगळे मिळून थायलंडच्या सहलीला निघाले. मला विचारलं नाही. मला कळलं कधी? बहिणीचे यजमान दुकानात बॅगांना घालायला प्लास्टिक मागायला आले तेव्हा. "कुठे निघालात भावोजी?" म्हटलं, तर त्यांचा चेहराच उतरला. मागाहून मंजिरीचं वाक्य कानावर आलं. म्हणाली होती, "मोठे भावोजी आले तर शहाळेवाल्याशीसुद्धा भांडतील. आपण काय माना खाली घालून फिरायचं?"

वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच लागलं.

त्याच पावसाळ्यात वरंध घाट उतरून दोन परदेशी पोरं दुकानात आली होती. पाठीवर या एवढ्या सॅका. सॅकवर टाकायला त्यांना प्लास्टिक हवं होतं. मी गावच्या माणसाला सांगतो त्याच्या तिप्पट भाव सांगितला, आणि ती हसत हसत घेऊन गेली. ही पोरं परक्या मुलखात एकटी हिंडतात, मग मी का नाही? मला यांची सहल कशाला हवी? मी एकटा जाईन. सॅक घेऊन जाईन. आणि एक रुपयाला फसणार नाही.

बायकोला म्हटलं, तू येतेस का. ती भाकरी थापत होती, वर बघितलंसुद्धा नाही. "जावा एकलेच. म्हंजे कुणाला लाज वाटायची नाय."

तर असा मी, वय चोपन्न, गुडघे बोलके, बँकॉकला विमान बदलून व्हिएतनामला उतरलो. व्हिएतनामच का? तिकीट स्वस्त मिळालं. दुसरं कारण नाही. दिवाळी झाली की माझा धंदा झोपतो, म्हणून नोव्हेंबर.

पहिले दिवस — खरं सांगू? — फार बरे गेले. फुटपाथवर बुटकी प्लास्टिकची स्टुलं मांडून माणसं जेवतात. मी बसण्याआधी स्टूल उलटं करून प्लास्टिक कुठल्या दर्जाचं ते बघायचो, आणि वाढणारी बाई घाबरून तिथे काही घाण आहे का म्हणून फडकं घेऊन यायची. रस्ता ओलांडायला शिकलो. स्कूटरींचा लोंढा थांबत नाही. आपण थांबायचं नाही, पळायचं नाही, एका चालीने जायचं, त्या आपल्या भोवतीने वळून जातात. बसमध्ये चढताना बूट काढून पिशवीत घालायला देतात. निळी ताडपत्री तर जिकडे तिकडे. मी तिची कड चिमटीत धरून बघायचो, जाडी बरी आहे, शिवण कच्ची आहे. हे बघणारं, हे बोलायला कुणी सोबत नव्हतं. पहिल्यांदाच असं झालं की दिवसभरात मी कुणावर ओरडलो नाही. ओरडलो असतो तरी कुणाला कळलं नसतं.

पण एक गोष्ट सारखी डोक्यात होती — मला हे लोक लुटणार. भाव सांगताना, खोली देताना, चहा देताना. आता विचार करतो तेव्हा वाटतं, ही भीती मला त्या लोकांनी दिली नव्हती. ती मी महाडहून घेऊन गेलो होतो. परक्याला तिप्पट भाव लावणारा मीच होतो ना?

आठव्या-नवव्या दिवशी मी नदीकाठच्या एका जुन्या गावात पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही. पुढे कळेल का ते. लाकडी घर, पुढे मालकीणबाईंचं टेबल, मागे चार खोल्या. मी तळमजल्याची घेतली, गुडघ्यांसाठी. आणि टेबलाशेजारच्या भिंतीवर बघतो तर काय — रंगाने ओढलेल्या आडव्या रेघा, प्रत्येक रेघेपुढे साल. पुराच्या खुणा! एक तर माझ्या खांद्याच्या वर. मी त्या रेघेला हात लावून उभा राहिलो. मालकीणबाईंना फोनमधल्या भाषांतरातून कळवलं, आमच्याकडेही असंच आहे, सावित्री नदी आहे, बाजारात पाणी येतं. त्या हसल्या, मान डोलावली. तिथे मला परकं वाटलं नाही. तरी नोंद करायला घेतलेला पासपोर्ट त्यांनी टेबलाच्या खणात ठेवायला घेतला — तिथे तशीच पद्धत — तेव्हा मी हात पुढे करून उभा राहिलो आणि तो परत घेतला.

खोल्या झाडायला, कपडे धुवायला तिथे एक बाई होती. लिएन. पन्नाशीची, वाळकी, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. माझे कपडे धुवायचा भाव तिने बोटांवर सांगितला. मी बोटं कमी केली. तिने पुन्हा तीच बोटं दाखवली. मी कपडे उचलले, पाठ फिरवली, चालू लागलो. चार पावलं. सहा पावलं. खोलीच्या दारापर्यंत पोचलो, हाक आलीच नाही. वळून बघितलं तर ती शांतपणे फरशी पुसत होती. दुसऱ्या दिवशी मीच कपडे घेऊन गेलो, तर तिने पुन्हा तीच बोटं वर केली आणि अशी हसली — तोंडावर हात ठेवून — की मलाही हसू आलं.

हसू आलं, हे खरं. पण आत कुठे तरी ते टोचलं होतं का? टोचलं होतं. एवढ्या मुलखात मला भावात हरवलं ते एका झाडूवाल्या बाईने. हे मी विसरलो नव्हतो.

तिथल्या चौथ्या रात्री माझं पोट बिघडलं. सकाळी उठवेना. लिएन दारात आली, बघून गेली, आणि थोड्या वेळाने वाडगं घेऊन आली. भाताची पेज. नुसती पेज, मीठ, थोडं आलं. आमच्या घरी आजाऱ्याला देतात तीच. मी ती प्यालो, आणि — हे लिहिताना हात थांबतो आहे — डोळ्यांत पाणी आलं. तिने वाडगं उचललं, धुवायचे कपडे उचलले, खिडकी थोडी उघडी केली आणि गेली. हे सगळं त्याच दिवशीचं. मी जे केलं त्याच दिवशीचं.

आता महाडची एक सवय सांगावी लागेल, नाही तर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे नदीचं पाणी वाढलं की नगरपालिकेचा भोंगा वाजतो. तो वाजला की बाजारातला माणूस आधी काय करतो? माल नाही बघत, टीव्ही-फ्रिज नाही बघत. कागद. घराचे, दुकानाचे, आधारकार्ड, पासबुक, सगळं प्लास्टिकच्या थैलीत, थैलीला गाठ, आणि थैली वर — आढ्याला, पंख्याच्या हुकाला, जिथे हात पोचेल तिथे. लहानपणापासून नाही, पण दुकान झाल्यापासून मी हे इतक्यांदा केलं आहे की माझे हात डोक्याला विचारत नाहीत. झोपेत करतो. बायको सांगते, एकदा मी झोपेतच कागद बांधले आणि सकाळी तिच्यावरच ओरडलो की कागद कुठे ठेवलेस.

त्या दुपारी तिथे पाऊस लागला. दिवाळीनंतरचा असा पाऊस मी कधी पाहिला नव्हता. मी मेल्यासारखा झोपलो होतो. तिथे रस्त्यांवर खांबांना कर्णे लावलेले असतात, सरकारी सूचना सांगतात. तो कर्णा सुरू झाला असणार. पावसाचा आवाज आणि त्यात कर्ण्याची घरघर. मला एवढंच अंधूक आठवतं की मी पलंगावर उभा होतो. एवढंच. त्या वेळी तेही आठवलं नाही.

जागा झालो तर पाऊस थांबलेला, पाच वाजले असतील. सवयीने उशीखाली हात घातला. कमरेचं पाकीट नाही. पासपोर्ट, कार्ड, डॉलर, सगळं त्यात. खुर्चीवर माझे कपडे — धुतलेले, घडी घातलेले. खिडकी बंद. खिडकीखालची फरशी पुसलेली. म्हणजे मी झोपेत असताना लिएन आत आली होती. पावसाचं पाणी आत येत होतं म्हणून आली होती, हे समोर दिसत होतं. मला दिसलं ते एवढंच, की ती आली होती.

मी बाहेर जाऊन जो आवाज चढवला तो त्या घराने कधी ऐकला नसेल. आणि यातली सगळ्यात विचित्र गोष्ट सांगतो. मी हिंदीत फोनमध्ये ओरडायचो — चोर, पोलीस, तुरुंग — आणि फोन तेच त्यांच्या भाषेत एका गोड, हळू बाईच्या आवाजात बोलायचा. लिएन माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या फोनकडे बघत होती, त्यात कुणी बसलं आहे आणि ते समजुतीने घेईल अशा नजरेने. मालकीणबाई पांढऱ्या पडल्या. पोलीस नको, पोलीस नको, असं त्या हाताने सांगत होत्या. मग लिएनने आपली पिशवी आणली आणि कुणी न सांगता फरशीवर उलटी केली. एक डबा, कंगवा, औषधाची पट्टी, रेनकोट. डबा उघडून दाखवला. भात होता, खाल्लेला नव्हता.

मी म्हटलं, थांबा, सॅक घेऊन येतो, पोलिसांतच जाऊ. खोलीत आलो. पलंगाखाली एकदा शेवटचं बघावं म्हणून वाकलो, गुडघा धरून उठलो, आणि उठताना मान वर गेली.

तुळईच्या मागे काळी थैली लटकत होती. माझ्याच सॅकमधल्या सुतळीने बांधलेली. गाठ माझी होती. माझ्यासारखी गाठ त्या देशात कोण मारणार?

इथे मी थांबू का? इथपर्यंत तर चूकच होती ना — आजारी माणूस, झोपेतली सवय, परका मुलूख. इथून बाहेर जाऊन हात जोडले असते, थैली दाखवली असती, तर ती बाई पुन्हा तोंडावर हात ठेवून हसली असती. मला खात्री आहे. पुराच्या गावची ती. तिला काही समजावून सांगावं लागलं नसतं.

दारापलीकडून तिचा आवाज येत होता. ती मालकीणबाईंना काही तरी सांगत होती, त्याच त्या चार शब्दांत, पुन्हा पुन्हा.

मी पलंगावर चढलो, थैली सोडली, पाकीट काढलं. आणि मला पहिल्यांदा कोण आठवलं सांगू? मंजिरी. शहाळेवाल्याशी भांडणारे मोठे भावोजी. म्हटलं, हे कळलं तर? कसं कळणार होतं कुणाला, महाडला? पण त्या क्षणी मला वाटलं की ते सगळे बाहेरच उभे आहेत — विलास, बहीण, भावोजी — आणि मी थैली घेऊन बाहेर गेलो की हसणार आहेत. मी एवढा मोठा आवाज केला होता. तो आता खाली कसा घ्यायचा? धंद्यात मी एकच शिकलो, एकदा वर नेलेला आवाज खाली घ्यायचा नाही. घेतला की सौदा गेला.

गप्प बसलो असतो तरी एक वेळ. पाकीट सॅकमध्ये टाकून निघून गेलो असतो, तर ती निदान अर्धी सुटली असती. मी तेवढंही केलं नाही. पाकीट पुन्हा थैलीत घातलं, शर्टाखाली घेतलं, मागच्या दाराने बाहेर गेलो. तिथे पाण्याचं पिंप होतं, शेजारी लिएनची बादली आणि फडकी. थैली पिंपामागे टाकली. मग पुढे येऊन फोनमध्ये म्हटलं, आधी घर नीट शोधू, मागची बाजूही बघू.

मालकीणबाईंच्या यजमानांना ती सापडली. सापडणारच होती.

सगळ्यांनी लिएनकडे बघितलं. ती थैलीकडे बघत होती, मग बादलीकडे, मग पुन्हा थैलीकडे. तिला बिचारीला स्वतःचीच शंका यायला लागली की काय, असं तिचं तोंड झालं होतं. मालकीणबाई खालच्या आवाजात दोन वाक्यं बोलल्या. लिएनने फरशीवरचं सामान पिशवीत भरलं. कंगवा, औषध, रेनकोट, डबा.

आणि मी? मी मोठेपणा केला. फोनमध्ये म्हटलं, पोलिसांत नको, गरीब बाई आहे, मी माफ करतो. गोड आवाजात ते बाहेर पडलं. मालकीणबाईंनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. पुढच्या दोन रात्रींचं भाडं घेणार नाही म्हणाल्या. मी नाही म्हटलं नाही.

लिएन दारात रबरी बूट चढवत होती. एकदा वळून माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या नाहीत, रडली नाही. नुसतं बघितलं, सकाळी पेज आणायच्या आधी बघितलं होतं तसं — या माणसाला काय झालं आहे, असं. मग गेली. मी त्या दोन रात्री तिथेच राहिलो. हो, राहिलो. तिने घडी घातलेले कपडे घालून.

म्हणून गावाचं नाव लिहिलं नाही. तिच्या नावापुढे मी आधीच पुरेसं लिहिलं आहे.

घरी आलो, आणि पहिल्याच दिवशी दुकानात गोष्ट सांगितली. आपण होतो म्हणून सुटलो; दुसरा असता तर रडत परत आला असता. पोलिसांचं नाव काढलं, घराची झडती घ्यायला लावली, आणि माल चोरानेच घाबरून पिंपामागे टाकला होता. शेवटी माफ केलं. लोकांना तो शेवट फार आवडतो. "शेठ, तुमचं काळीज मोठं," म्हणतात. विलास पोलादपूरहून मुद्दाम ऐकायला आला. मंजिरी म्हणाली, "मोठे भावोजी, पुढच्या वेळी तुम्ही हवेतच बरोबर." पुढच्या वर्षी त्यांनी मला दुबईला नेलं. विमानतळावर सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या हातात दिले, सांभाळायला.

मला हवं होतं ते मिळालं. एका बाईच्या नावावर मिळालं. आणि तरी, त्यांनी पहिल्यांदा मला नेलं नाही हे मी अजून विसरलेलो नाही. असा मी आहे.

हे असंच मुरून गेलं असतं. पण गेल्या चैत्रात विलासच्या घरी जेवायला गेलो होतो. मंजिरीचं कानातलं सापडेना. तिच्याकडे भांड्यांना संगीता येते — यायची. उमरठकडच्या वाडीतली, मोठ्या आवाजाची, हसरी. मंजिरीने सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं, आणि माझ्याकडे बघून हसत म्हणाली, "आपण भावोजींची पद्धत करू. दहा मिनिटं कुणी स्वयंपाकघरात जाणार नाही. ज्याने घेतलं असेल त्याने गुपचूप कुठे तरी टाकून द्यावं. पोलीस नकोत, आपण माफ करू."

‘ज्याने’ म्हणाली. खोलीत घरचे सोडून एकच माणूस होतं.

संगीताचं हसू तोंडावरच राहिलं. "वैनी, माजी पिशवी बघा. आता बघा."

"तुला कोण म्हणतंय गं," मंजिरी म्हणाली.

विलास पेपर वाचत होता. संगीताने माझ्याकडे बघितलं, वयाने मोठा म्हणून असेल. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी पाणी प्यालो. ग्लास खाली ठेवला. एवढंच केलं.

कानातलं तिसऱ्या दिवशी मंजिरीच्या पर्सच्या अस्तरात सापडलं. तोपर्यंत संगीताने काम सोडलं होतं. आणि वाडीत काय पसरायचं ते पसरलं होतं. दुसऱ्या दोन घरांनीही तिला नको म्हणून सांगितलं.

महिन्याभराने मी तिच्याकडे गेलो. बरोबर चांगल्या ताडपत्रीची गुंडाळी घेतली, पावसाळा तोंडावर होता. जाताना मनात सौदाच चालला होता — हे द्यावं, दोन शब्द बोलावेत, मिटवावं. ती अंगणात लाकडं फोडत होती. मी म्हटलं, "संगीता, तू घेतलं नव्हतंस, मला माहीत होतं."

तिने कोयता खाली ठेवला. "कदी म्हाईत व्हतं?"

"तेव्हाच."

"तुमी थितंच बसलेलात ना शेठ? माज्याकडं बगत व्हतात. मंग का गप बसलात?"

मला राग आला. खोटं का बोलू, आधी रागच आला — मी एवढा चढ चढून आलो, आणि ही मला विचारते! मी म्हटलं, मी बोलणारच होतो. ताडपत्रीकडे तिने बघितलं आणि म्हणाली, "ती न्या. आमचं कौल धड हाय."

मी पाठ फिरवली. वाडीचा उतार उतरून गाडीपर्यंत आलो. मागून हाक आली नाही.

तिने मला प्रश्न विचारला होता आणि मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर द्यायचं तर सात वर्षांपासून सुरू करावं लागलं असतं. ते आता दिलं आहे. तू घेतलं नाहीस असं म्हणायला मी तोंड उघडलं असतं, तर मला कसं माहीत हे कुणी तरी विचारलं असतं. निर्दोष माणूस चोर ठरतो तेव्हा कसा दिसतो, हे मला माहीत होतं. मी तो आधी पाहिला होता. मीच ठरवला होता.

हे छापून आलं की विलास वाचेल, मंजिरी वाचेल, बाजार वाचेल. बायकोला मी आज संध्याकाळी वाचून दाखवणार आहे. लिएनने माझ्या वस्तूला हात लावला नव्हता. पाकीट मी बांधलं, मी सोडलं, मी पिंपामागे टाकलं, आणि तिला माफ केलं असं सात वर्षं सांगत राहिलो.